तूर्त सोडता येणार नाही

भिकाजी,

तू गेल्यावर गिरणीच्या दारावर जी चिठ्ठी लागली, ती माझ्याच हातची होती. तुझं नाव, तुझं खातं, दुःखाच्या दोन ओळी आणि खाली मॅनेजरसाहेबांच्या वतीनं माझी सही. चिठ्ठी डकवून झाल्यावर मी चार पावलं मागे सरून ती वाचली. तिच्यात चूक काही नव्हती, आणि तुझं म्हणावं असंही काही नव्हतं. तेव्हाच ठरवलं की एकदा तुझ्याशी नीट बोलायचं. आज रविवार आहे, भोंगा नाही. गिरगावच्या आमच्या गॅलरीत, जिथं बसून आपण दोन वर्षं अभ्यास केला, तिथंच हे लिहितो आहे.

वर्गाचा पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. धोबीतलावाजवळच्या इमारतीचा दुसरा मजला, आठ विद्यार्थी, त्यातले मराठी आपण दोघेच. काही गिरणीमालकांनी मिळून बी.ए. झालेल्या तरुणांसाठी तो वर्ग काढला होता. कापूस, यंत्रं, बाजार, कारखान्याचे कायदे आणि माणसांकडून काम करून घेण्याची रीत, हे सगळं दोन वर्षांत शिकवून गिरण्यांसाठी देशी मॅनेजर तयार करायचे, अशी कल्पना. आमच्या घरी ती कोणाला पटली नव्हती. पदवी घेतल्यावर माणूस वकील होतो नाहीतर मामलेदार होतो. कारखाना चालवायला कोण शिकतं, असं वडील म्हणत. पण वकिलीच्या पहिल्या परीक्षेत मी एकदा आपटलो होतो आणि पुन्हा बसायची छाती नव्हती, म्हणून इकडे वळलो. तुझं उलट होतं. तुझे वडील परळच्या गिरणीत बॉयलरवर काम करता करता गेले. आई त्याच गिरणीत सुताच्या लडी करायच्या खात्यात. तू मिशनच्या शाळेत शिष्यवृत्तीवर शिकून बी.ए. झालेला, आणि भिकाजी आता मॅनेजर होणार ही बातमी तू वर्गात पाऊल टाकायच्या आधीच लालबागच्या तुमच्या चाळीत पोचलेली. सगळ्या चाळीनं तुला पुढं ढकललं होतं, मागे यायची वाट कोणी ठेवली नव्हती, असं तू मला पुष्कळ पुढं एकदा बोललास.

शिकवणारे साहेब मँचेस्टरकडचे. इंग्रजीत कामकऱ्यांना नुसतं ‘हात’ म्हणायची पद्धत आहे. एखाद्या गिरणीत दोन हजार हात आहेत, असं म्हणायचं. पहिल्याच तासाला साहेबांनी तुला विचारलं की तुझ्या माहितीच्या गिरणीत किती हात आहेत. तू उभा राहून शांतपणे म्हणालास, चार हजार, साहेब, माणसं दोन हजार. सगळे हसले. साहेबही हसले. तू हसला नाहीस, हे माझ्या लक्षात आलं आणि तास संपल्यावर मी मुद्दाम तुझ्याबरोबर जिना उतरलो.

त्याच आठवड्यात करारावर सह्या झाल्या. शिक्षणाचा सगळा भार मालकांचा. त्याच्या बदल्यात परीक्षा झाल्यावर तीन वर्षं, ते नेमतील त्या गिरणीत, ते देतील त्या जागेवर काम करायचं. मी न वाचताच सही केली. तू दोनदा वाचलास आणि कारकुनाला विचारलंस, मधेच सोडायचं झालं तर? त्यानं पान उलटून पाहिलं आणि तसं कलम नाही म्हणून सांगितलं. तू थोडा वेळ टाक हातात धरून बसलास. मग सही केलीस. साक्षीदार म्हणून तुझ्या नावाखाली माझी सही आहे.

मग सुरू झाले आपले रविवार. तू लालबागहून चालत यायचास, खोताच्या वाडीतून आत वळायचास, आणि खालून हाक न मारता सरळ वर यायचास. आपण गॅलरीतच बसायचो. तुला कधी वाटलं असेल की घरात एवढी खोली असताना हा मला वाऱ्यात का बसवतो. उजेड बरा असतो, असं मी सांगायचो. खरं कारण तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. आई तुला पाणी देत असे ते वेगळ्या फुलपात्रातून, आणि तू गेल्यावर ते फुलपात्र ती मोरीत न नेता बाहेरच्या नळावर धुवायची. एकदा तू विसरलेली वही घ्यायला परत आलास आणि ती धूत असताना पाहिलंस. वही घेतलीस, तिला नमस्कार केलास, निघून गेलास. पुढच्या रविवारी तू बरोबर कापडात गुंडाळून आपला तांब्या आणलास. मी तो पाहिला आणि वही उघडली. दोन वर्षं तू तो तांब्या आणत होतास. माणसांना वागवण्याच्या शास्त्रात आपण दोघं तेव्हा उत्तम गुण मिळवत होतो.

पण ते रविवार चांगले होते, भिकाजी. माझ्या आयुष्यात तसे दुसरे दिवस नाहीत. तू मला माग समजावून सांगायचास तो असा, की मला तो आवाजासकट दिसायचा. मी तुझं इंग्रजी तपासायचो. तू लांब वाक्यं लिहायचास, मी ती तोडायचो, आणि मग तू म्हणायचास, “विसू, तू वाक्य आखूड करतोस तेव्हा त्यातलं माणूसच नेमकं गळतं बघ.” मी ते थट्टेवारी न्यायचो. विश्वनाथचा विसू मला घरच्यांशिवाय तूच म्हणायचास.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. दोघादोघांनी मिळून एक गिरणी तीन महिने पाहायची आणि तिच्या कारभारातला एखादा दोष दूर करायचा उपाय लिहायचा. आपल्याला परळची गिरणी मिळाली, तुझ्या आईची. वर्गात हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि तू मला कोणाला सांगू नको म्हणालास. दोष निवडायला वेळ लागला नाही. माणसं उशिरा येत. भोंगा होऊन अर्धा तास झाला तरी फाटकातून लोक येतच असत, आणि तोवर निम्मी यंत्रं नुसती उभी.

तू आठ दिवस चाळीचाळींतून हिंडलास. मला वाटलं होतं तू आळस, दारू, मुकादमांची ढिलाई, असलं काही घेऊन येशील. तू आलास आणि म्हणालास, “लोक उशीर करत नाहीत रे. त्यांना वेळ ठाऊकच नसते. एका घरात घड्याळ नाही. आणि दीडशे बिऱ्हाडांना नळ एक.” मग तू तीन पानं लिहिलीस. पहिला भोंगा लोकांना उठवायला, दुसरा निघायला, तिसरा कामाला. गिरणीच्या आवारात बायकांसाठी दोन नळ, म्हणजे त्या घरून पाणी न भरता येतील आणि जाताना भरून नेतील. सगळं साधं होतं. आणि माझं एक पान होतं. भोंग्यानंतर पाव तासानं फाटक बंद करावं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत उघडू नये. मागे राहील त्याचा अर्धा दिवस गेला.

आपलं भांडण झालं ते इथं, याच गॅलरीत. तू म्हणालास की दोन्ही लिहू, आधी नळ आणि भोंगे, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर फाटक. मी म्हणालो की साहेबांना एक उपाय हवा, चार नकोत. जो आजच्या आज करता येईल आणि ज्यात काही बांधावं लागणार नाही. तू कबूल झाला नाहीस. आपण पुढच्या रविवारी बोलू असं ठरलं. पण साहेबांनी प्रबंध अचानक मधल्या गुरुवारीच मागितला, स्वच्छ प्रत माझ्याकडे होती, आणि मी तुझी तीन पानं काढून टाकली. वर नावं दोघांची ठेवली. हा माझा मोठेपणा, असं मला तेव्हा वाटलं होतं.

साहेबांनी प्रबंध सगळ्या वर्गापुढं वाचला. तू शेवटच्या बाकावर बसला होतास. मी एकदाच मागे वळून पाहिलं. तू माझ्याकडे पाहत नव्हतास, समोरच्या भिंतीकडे पाहत होतास, आणि तुझं तोंड असं झालं होतं की जणू तुला कोणी खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आहे. त्या दिवशी जिन्यावर तू एवढंच म्हणालास की मला विचारायचं होतंस. मी वेळ नव्हता म्हणालो. ते भांडण तिथंच राहिलं. त्यानंतर कितीदा तरी आपण दोघंच होतो, कितीदा तरी ते पुन्हा काढता आलं असतं. आपण कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

गिरणीच्या मॅनेजरनं उपाय उचलला. पहिले पंधरा दिवस प्रबंध लिहिणाऱ्या दोघांनी स्वतः फाटकाशी उभं राहावं, म्हणजे अनुभव मिळेल, असं साहेबांनी ठरवलं. तुझ्या हातात वर्गाचं घड्याळ आणि माझ्या हातात वही. पहिले दोन दिवस वीस-पंचवीस माणसं बाहेर राहिली. तिसऱ्या दिवशी दहा. उपाय लागू पडत होता, आणि मी खूश होतो.

चौथ्या दिवशी तुझी आई आली. वेळ भरली होती. पहारेकऱ्यानं फाटकाचं एक दार लावलं होतं आणि दुसऱ्याला हात घातला होता. ती रस्ता ओलांडून झपाझप येत होती, लुगड्याचा काठ भिजलेला, एका हातात भाकरीचं फडकं. नळावर अडकली असणार. पहारेकरी थांबला आणि त्यानं तुझ्याकडे पाहिलं. तो तिला ओळखत होता. मीही तुझ्याकडे पाहिलं. तू घड्याळाकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. दार लागलं.

ती गजांपाशी येऊन उभी राहिली. तुला हाक मारली नाही, माझ्याकडे तर पाहिलंही नाही. तिच्यामागे आणखी तिघी होत्या, त्या गयावया करत होत्या. ती त्यांना काही बोलली आणि चौघी परत फिरल्या. अजून अर्धं मिनिट आहे, असं मी म्हणू शकलो असतो. घड्याळ तुझ्या हातात असलं तरी नियम माझा होता, आणि माझा शब्द पहारेकऱ्यानं ऐकला असता. मी वहीत चार नावं लिहिली. तुझ्या आईचं नाव मला ठाऊक होतं, तरी ते मी तुला विचारलं. का विचारलं, कोण जाणे. तू सांगितलंस, “पार्वती.”

दुपारी मी तुला म्हणालो की तू दार उघडायला हवं होतंस, कोणी काही म्हटलं नसतं. तेव्हा तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. तू म्हणालास, “तिला आत घेतली असती, तर मागच्या तिघींना काय सांगणार होतो? आणि त्यांना घेतलं असतं, तर कालच्या दहांना? विसू, आपण असा नियम केलाय की नीट वागायला त्यात जागाच नाही.”

संध्याकाळी मी तुझ्याबरोबर लालबागला आलो. तू नको म्हणत होतास. मला वाटलं होतं रडारड होईल, निदान अबोला. तुझ्या आईनं, म्हणजे मावशीनं, दोघांना पानं वाढली. तुझ्या घरात मी पहिल्यांदाच जेवत होतो, आणि तिनं माझं पान तुझ्या शेजारीच मांडलं. भात वाढताना ती तुला म्हणाली, “तू तुजा काम केलंस. जेव आता.” तू जेवलास. मीही जेवलो. इतकं कठीण जेवण मी आयुष्यात जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी तू साहेबांकडे जाऊन वर्ग सोडायची परवानगी मागितलीस. मला न सांगता गेलास. करार हा करार, असं साहेब म्हणाले, आणि त्यांना तुझ्याबद्दल खरोखर वाईट वाटलं. तू वर्गात परत येऊन बसलास आणि त्या दिवसापासून असा अभ्यास केलास की आम्ही सगळे थक्क झालो. मी एकदा विचारलं की हे काय चाललंय. तू म्हणालास, दुसरीकडे कुठं जायची सोय नसली की माणूस समोरचं काम नीट करतो. परीक्षेत तू पहिला आलास. मी तिसरा.

आणि नेमणुकांचा कागद आला तेव्हा मी परळच्या गिरणीत मॅनेजरचा मदतनीस होतो आणि तू माझ्या हाताखाली हजेरी खात्यावर. कारण कोणी दिलं नाही. मी विचारलं नाही. मनात म्हटलं, पहिल्या वर्षात पाय रोवू, मग त्याच्यासाठी बोलू. तू पहिल्या दिवशी चार लोकांसमोर मला ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणालास. रस्त्यावर आल्यावर मी हसून म्हणालो, अरे, हे काय. तूही हसलास. पण मग रस्त्यावरही तुझ्या तोंडून ‘विसू’ क्वचित येऊ लागलं.

तुझ्या आईनं नोकरी सोडली नाही. रोज भोंग्याच्या आधी येऊन फाटकाबाहेर बसायची. तू हजेरीवर उभा असताना ती तुझ्यासमोरून आत जायची, आणि तू इतर बायकांसारखीच तिच्या नावापुढं खूण करायचास. गिरणीत तुझ्याबद्दल वाईट बोललं जाई. स्वतःच्या आईला बाहेर ठेवणारा, म्हणून. तुला ते ऐकू यायचं. ज्यानं नियम लिहिला त्याला कोणी काही म्हणत नव्हतं. मला त्यांचा नमस्कार असायचा.

मग ताप आला. मांडवीकडून सुरू झालेला गाठीचा ताप हिवाळ्यात परळपर्यंत पोचला, आणि शहर रिकामं होऊ लागलं. बोचकी घेऊन माणसं धक्क्यावर आणि स्टेशनांवर. आपल्या गिरणीत पौषात निम्मी माणसं उरली नव्हती. आणि ज्या फाटकाचा मी प्रबंध लिहिला होता ते आता दिवसभर उघडं असायचं. कोणीही, कधीही यावं. आमचे मुकादम रस्त्यावर उभे राहून लोकांना बोलावत होते. मॅनेजरसाहेब प्रकृतीसाठी वर डोंगरावर गेले आणि जाताना कारभार माझ्याकडे देऊन गेले. कारकून, मुकादम, खातेप्रमुख, यांच्यातला एकही सोडायचा नाही, एवढी एकच त्यांची आज्ञा होती.

तू माझ्या टेबलाशी आलास. दार लोटून घेतलंस. अर्ज इंग्रजीत होता, छोट्या वाक्यांचा, मी शिकवला होता तसा. आईला मालवणकडे गावी पोचवायचं आहे, पंधरा दिवस रजा मिळावी. तुमच्या चाळीत त्या आठवड्यात दोन जण गेले होते, हे तू अर्जात लिहिलं नव्हतंस, तोंडी सांगितलंस. मी साहेबांची आज्ञा सांगितली. आठ दिवस थांब म्हणालो, साहेब येतील, मी स्वतः बोलेन. आईला एकटीला पाठव, असंही मी म्हणालो. तू म्हणालास की ती एकटी जात नाही, तेवढं बोलून पाहिलंय. मग मी टाक घेतला आणि अर्जाच्या कडेला शेरा मारला: तूर्त सोडता येणार नाही.

तू कागद उचलून वाचलास. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी कदाचित शेरा खोडला असता. तू म्हणालास, “तुझ्या जागी मी असतो तर मीसुद्धा हेच लिहिलं असतं. त्याचीच मला भीती वाटते.” त्या दिवशी तू मला ‘तू’ म्हणालास. मग दार उघडून कामावर गेलास.

सहाव्या दिवशी तू आला नाहीस. दुपारी कळलं की तापात तुला परळच्या इस्पितळात नेलं आणि आईला तपासणीसाठी छावणीत. मी काम टाकून गेलो. इस्पितळाबाहेर दोरी बांधली होती, आणि शिपायानं सांगितलं की आज आत जाता येणार नाही, उद्या सकाळी या. मी थोडी हुज्जत घातली. भिकाजी, आज खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: तो नाही म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. मी भीत होतो. तापालाही आणि तुलाही. सकाळी गेलो तेव्हा तू नव्हतास. तुला अग्नी कोणी दिला, तुझ्याबरोबर आणखी कोण होते, हे मी विचारलं, पण नीट कोणी सांगू शकलं नाही.

मावशी छावणीतून सुटून घरी आल्याचं कळलं तेव्हा मी लालबागला गेलो. खोलीला चुना फासला होता, सामान बाहेर गॅलरीत. ती उंबऱ्यावर बसली होती. मला पाहून तिनं बसायला पाट दिला. मी काही बोलायच्या आधीच ती तुझ्याविषयी सांगू लागली. गावी जाऊया म्हणून ती पाठीस लागली होती, पण तूच तयार झाला नाहीस. तिकडे गिरणीत विसू एकटा आहे, त्याला एकट्याला जमायचं नाही, असं तू तिला म्हणाला होतास. रजा मागितलीच नाहीस, असं तिनं सांगितलं. हे सगळं ती इतक्या सरळपणे बोलली की मला मान वर करता आली नाही. तिच्याशी खोटं बोलून तू मला वाचवलं होतंस. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो, चहा घेतला आणि घरी आलो.

पंधरा दिवस मी त्या गप्प बसण्यात काढले. तू बांधून दिलेलं ते आडोशाचं घर होतं, आणि त्यात मला श्वास घेता येईना. गिरणीत जायचो, कागदांवर सह्या करायचो, तुझ्या खुर्चीकडे पाहायचं टाळायचो. तुझ्या आईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटायचं. आणि त्या द्यायला लागणारं कारण तेवढं माझ्यापाशीच होतं. शेवटी एका संध्याकाळी गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यानं रजा मागितली होती, मावशी. मी दिली नाही. लिहून नाही म्हटलं.

ती वाल सोलत बसली होती. हात थांबले नाहीत. “माका ठावक आसा,” ती म्हणाली. तो कागद तुझ्या कोटाच्या खिशात होता, आणि छावणीतून आल्यावर तिनं तो चाळीतल्या मास्तरांकडून वाचून घेतला होता. मी त्या दिवशी चहा पीत बसलो होतो तेव्हाही तिला ठाऊक होतं. मी विचारलं, मग मला तसं का सांगितलंत. ती म्हणाली, “तू सांगतंस काय नाय, तेवढाच बघूचा होता.”

मी क्षमा मागितली. तिनं ऐकलं, आणि मग परवा सकाळची आगबोट आहे, धक्क्यावर ताप नसल्याचा दाखला दाखवायला कोणी लिहिणारा माणूस लागेल, तेवढा ये, असं सांगितलं.

माझगावच्या बाजूनं मी तिला धक्क्यावर नेलं. बोचकं मला घेऊ दिलं नाही. डॉक्टरच्या माणसानं दाखला पाहिला, तिचा हात पाहिला, जीभ पाहिली, मी इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या. मग आम्ही रांगेत उभे राहिलो. सभोवती माणसंच माणसं, कोंबड्या, ट्रंका, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. अशा गर्दीत तिनं सहज माझ्या घरची चौकशी केली. माझी आई कुठं आहे, असं विचारलं.

मी म्हणालो, नाशकाला, मामांकडे.

केव्हा गेली, असं तिनं विचारलं.

भिकाजी, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. दिवाळी झाल्याबरोबर, ताप अजून मांडवीच्या बाहेर फारसा आला नव्हता तेव्हा, मी दोन दिवस गिरणीच्या कामाला मुंबईबाहेर जातो असं तुला सांगून आईवडिलांना नाशकाला पोचवून आलो. तू दोन दिवस माझंही काम केलंस. परत आल्यावर तू प्रवास कसा झाला म्हणून विचारलंस, आणि मी बरा झाला म्हणालो.

मावशीला मी ते सांगितलं. दिवाळीनंतर, मीच पोचवून आलो.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. फाटकाशी पाहिलं नव्हतं, तेवढं सगळं पाहून घेतल्यासारखी. मग म्हणाली, “बरा केलंस.”

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. आई वाचली, हे बरं झालं, एवढाच त्याचा अर्थ होता. ती बोचकं सावरून शिडीवरून वर गेली आणि माणसांत दिसेनाशी झाली. मी तिथं उभा राहिलो. माझ्यामागून लोक पुढं सरकत होते, आणि चढणारा नसशील तर बाजूला हो, असं कोणीतरी मला म्हणालं. मी बाजूला झालो आणि परळच्या रस्त्याला लागलो.